सात नंबरची जागा

४ मार्च

माननीय अभियंता मॅडम,

घरचा पत्ता तू दिला नाहीस आणि मी मागितला नाही, म्हणून हे पत्र तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘हरकत’ असं लिहिलं आहे. म्हणजे ते कुणीतरी उघडेल, त्यावर शिक्का मारेल आणि फिरत फिरत ते तुझ्या टेबलावर येईल. बापाचं पत्र म्हणून आलं असतं तर तू ते उघडलं असतंस की नाही, कोण जाणे.

काल गावच्या सभागृहात तुमच्या पवनचक्क्यांवर जाहीर सभा झाली. एवढा मूर्खपणा एका छताखाली मी शाळेच्या शिक्षकखोलीतही पाहिला नव्हता, आणि तिथे मी उभं आयुष्य काढलं आहे.

तुमच्या कंपनीने एक माणूस पाठवला होता. त्याने नाव सांगितलं, मी ते लगेच विसरलो. मी त्याला इस्त्री म्हणतो, कारण एवढ्या लांबच्या प्रवासानंतरही त्याच्या शर्टाला एक चुणी नव्हती. बोलणंही तसंच. पक्षी मरतील का असं कुणी विचारलं, तर ‘आपली चिंता आम्ही समजू शकतो.’ आवाज किती होईल, तर ‘आपली चिंता आम्ही समजू शकतो.’ मागून कुणीतरी ओरडलं की खुर्च्या कमी पडल्यात, तरी त्याने तेच म्हटलं आणि वहीत लिहून घेतलं.

त्याच्या बाजूने आपला डेअरीवाला उठला. हा माझा विद्यार्थी. नववीत वाऱ्यांच्या नकाशावर याने सगळे बाण उलटे काढले होते आणि आता हा वाऱ्यावर भाषण करतो. त्याचं म्हणणं एवढंच की त्याच्या शीतगृहाची वीज सारखी जाते, दूध नासतं, आणि चक्क्या आल्या तर त्यांच्याबरोबर नवी लाइन येईल. एवढं सांगायला त्याला अर्धा तास लागला.

आमच्या बाजूला दातांचे डॉक्टर. शहरात जन्मभर लोकांच्या तोंडात बघून कंटाळा आला म्हणून इथे येऊन टेकडीकडे बघत बसलेत. आणि त्यांच्या शेजारी क्षितिजबाई. या बाई फोटो काढतात आणि दर वाक्यात क्षितिज आणतात. ‘मी ज्या क्षितिजासाठी इथे घर घेतलं, तेच तुम्ही हिरावून घेताय.’ जणू नळाच्या तोट्यांबरोबर क्षितिजही घराच्या खरेदीत मिळालं होतं. या दोघांनी विरोध समिती काढली आहे आणि मला अध्यक्ष केलं आहे. माझ्या लायकीमुळे नव्हे. डॉक्टरांना अर्जातलं एक वाक्य धड शेवटपर्यंत नेता येत नाही, म्हणून.

समोरच्या भिंतीवर तुमचा नकाशा टांगला होता. इस्त्री म्हणाला, ‘हा आमच्या मॅडमनी केलाय. त्या इथल्याच आहेत.’ सभागृहातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी छताकडे पाहिलं. छताला ओल आली आहे.

चहाच्या वेळी सगळे नकाशापाशी जमले आणि बोटं लावून आपापली घरं शोधायला लागले. मी जागचा हललो नाही. तुमचा नकाशा बघायची मला गरज नाही. त्या टेकडीचा नकाशा मी डोळे मिटून काढतो. माथ्यावर ओळीने नऊ चक्क्या, त्यातली सात नंबरची आपल्या परसामागे, हे तुमच्या लोकांनी मागच्या वर्षीच सांगितलं होतं. तेवढं मला पुरेसं आहे. मग मी उठून जे बोललो त्याला टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत डॉक्टर होते, म्हणून मी त्या धरत नाही.

तीन वर्षांपूर्वी याच नोकरीवरून तू जेवणावरून उठलीस, ताट घासलंस, पालथं घातलंस आणि सकाळच्या बसने गेलीस. मी एवढंच म्हणालो होतो की लोकांच्या टेकड्यांवर खांब ठोकायला मी तुला भूगोल शिकवला नाही. वाक्य तेव्हा बरोबर होतं, आताही बरोबर आहे.

तुझी मावशी बरी आहे. तिचं शिवणकाम चालू आहे.

आपला,
हरकतदार

२१ मार्च

माननीय अभियंता मॅडम,

आपलं उत्तर पोचलं. ‘माननीय हरकतदार, आपली हरकत नोंदवून घेण्यात आली आहे.’ खाली सही तुझी. शेवटचा फराटा अजून तसाच, रेघेबाहेर जाणारा. पाचवीत त्याबद्दल मी तुझे मार्क कापले होते.

मी तुला मॅडम म्हटलं ते टोचून बोलायचं म्हणून. तू मला माननीय म्हटलंस ते छापील कागदात तसं असतं म्हणून. दोघांत जास्त वाईट कोण, ते तूच ठरव. टोचून बोलायला निदान माणूस लागतो.

इकडे आमच्या समितीने अकलेचे तारे तोडले आहेत. डॉक्टरांनी कुठेतरी वाचलं की चक्की किती उंच होणार हे लोकांना दाखवायचं तर तेवढ्या लांबीच्या दोराला मोठा फुगा बांधून आकाशात सोडायचा. लोकांनी मान वर करून बघायचं, घाबरायचं आणि विरोधात सही करायची. कल्पना बरी आहे, म्हणजे ती डॉक्टरांची नाही. पण फुग्याचा रंग कोणता यावर समितीने अख्खी दुपार घालवली. लाल रंग क्षितिजाला मारक आहे म्हणे. ‘मारकच हवाय ना, बाई?’ असं मी विचारलं, तर त्या माझ्याकडे दुखावलेल्या नजरेने बघत राहिल्या. शेवटी लालच ठरला.

फुगा आपल्या परसातून सोडायचा. सात नंबर तिथेच येणार आणि तिथून साऱ्या गावाला दिसेल. फुगा, दोराचं रीळ आणि गॅसची नळकांडी कालच येऊन पडली. मी ती मागच्या खोलीत ठेवली आहेत, ती मोकळीच असते. म्हणजे सध्या मोकळी आहे. मावशीचं मशीन जरा हलवलं आहे.

डेअरीवाला परवा घरी आला होता. दारातच उभा राहिला. शाळेतही असाच दारात उभा राहायचा, फक्त तेव्हा मी उभं केलेलं असायचं.

‘सर, परवा अख्खी टाकी गटारात ओतली. लाइट गेली ती सकाळीच आली.’

‘जनरेटर घे.’

‘आहे ना. पण डिझेल गाय देत नाही, सर.’

‘वर्गात असा बोलला असतास तर पास झाला असतास.’

‘सर, तुम्ही एकदा येऊन बघा तरी. नासलेल्या दुधाचा वास काय असतो ते.’

मी नाही म्हणालो. मग तसाच फिरायला निघालो होतो म्हणून त्या बाजूने गेलो. वास होता. त्याचं म्हणणं मला पटलं असा अर्थ तू काढशील, तो काढू नकोस. मी फक्त तिथे होतो.

हे सगळं तुला कशासाठी लिहितो आहे? हरकत नोंदवून घेण्यात यावी म्हणून.

आपला,
हरकतदार

३ एप्रिल

अभियंता मॅडम,

काल फुगा सोडला. तुझ्या इस्त्रीने तुला सांगितलंच असेल. पण तो सगळं सपाट करून सांगणार, म्हणून मी सांगतो.

सकाळीच सारा गाव आपल्या परसात. क्षितिजबाई कॅमेऱ्याला तीन पाय लावून उभ्या. डॉक्टरांनी डोक्याला टोपी घातली होती आणि हातात शिट्टी घेतली होती. शिट्टीचं काय काम होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. इस्त्रीही आला होता, कंपनीला बोलावणं आमच्या समितीनेच धाडलं होतं. त्याच्या देखत त्याची जिरवायची, हा बेत.

आता हे लक्षात घे की महिनाभर आम्ही घसा फोडून सांगत होतो, या टेकडीवर चक्की चालण्याइतका वाराच नाही. तो मुद्दा डॉक्टरांचा, पण अर्जात मी तो सुबक करून घातला होता. फुगा सुटला आणि वर जायच्या ऐवजी आडवा झाला. दोर ताणून तो थेट शेजारच्या छपराकडे निघाला. चौघांनी दोर धरला, ते चौघेही त्याच्यामागे पळायला लागले.

‘सर,’ डेअरीवाला गर्दीतून म्हणाला, ‘वारा नाही म्हणत होतात ना?’

लोक हसले. मीही ओरडून बोलायला सुरुवात केली, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. हा राक्षस माझ्या घरावर उभा राहणार, माझ्या मागच्या खिडकीत रोज सकाळी पात्यांची सावली उघडझाप करणार, माझ्यासारख्या म्हाताऱ्या माणसाने कुठे जायचं, असं बरंच काही बोललो. रंगात आलो होतो. तेवढ्यात इस्त्रीने हात वर केला. वर्गात करतात तसा.

‘सर, एक छोटीशी दुरुस्ती. सात नंबर इथे नाहीये.’

‘इथे नाही म्हणजे?’

‘पहिल्या आराखड्यात होता. नव्या नकाशात तो खालच्या अंगाला हलवलाय. मॅडमनी स्वतः. नकाशा महिनाभर सभागृहात लावलेला आहे, सर.’

महिनाभर. आणि गावातल्या एकाही शहाण्याला ते दिसलं नव्हतं. कारण प्रत्येकाने नकाशात आपलं घर शोधलं आणि ते चक्कीपासून लांब सापडल्यावर तो चहा प्यायला गेला. समितीच्या अध्यक्षांनी तर नकाशाकडे बघणंच कमीपणाचं मानलं होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. विरोध समितीच्या अध्यक्षाच्या घरामागची चक्की अध्यक्षाच्या मुलीने उचलून दुसरीकडे ठेवली. हे समजायला फार हुशारी लागत नाही. तेवढी या गावात आहे.

‘मग आता कुठंय सात नंबर?’ डेअरीवाल्याने विचारलं.

‘उताराखाली ते जुनं लोकरीचं गोदाम आहे ना, त्याच्या वरच्या बाजूला. तिथे कुणी राहत नाही.’

तिथे कोण राहतं हे त्या परसात उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. फक्त इस्त्रीला माहीत नव्हतं, आणि तुला.

तर आता सांगतो. त्या गोदामात तुझी मावशी राहते. तू गेल्यावर महिन्याभराने ती तिकडे गेली. कारण जागेचं होतं. घरात जागा पुरत नव्हती.

मग हे सगळं लचांड फुग्यासकट उताराखाली निघालं. पुढे डॉक्टर शिट्टी वाजवत, आता तिचा उपयोग सापडला होता. मी मागे राहू शकलो असतो. गेलो. मावशीच्या खिडकीसमोर, वरच्या बाजूला जाऊन थांबलो. सकाळचं ऊन फुग्यामागून येत होतं आणि वाऱ्याने फुगा डोलला की त्याची सावली खिडकीतून आत, तिच्या मशीनवर, मशीनवरच्या कापडावर यायची आणि जायची. ती बाहेर आली. गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान.

‘हे काय चाललंय?’

डॉक्टरांनी समजावलं. चक्की इथे येणार, पाती फिरली की सकाळभर अशीच सावली तुमच्या कामावर उघडझाप करणार, म्हणून आम्ही तुमच्या बाजूने उभे आहोत, बाई. त्यांनी ‘तुमच्या बाजूने’ असं दोनदा म्हटलं.

मावशी आत गेली आणि कात्री घेऊन आली. ती कात्री तुला माहीत आहे, काळ्या मुठीची, कापडाची. सहावीत तू त्या कात्रीने पुठ्ठा कापलास म्हणून मावशी दोन दिवस तुझ्याशी बोलली नव्हती. त्या कात्रीने तिने दोर कापला. दोर जाड होता, एका दमात तुटेना. ती कापत राहिली आणि आम्ही सगळे शिकले-सवरलेले लोक बघत राहिलो. शेवटी फुगा सुटला आणि टेकडीपलीकडे गेला. क्षितिजबाईंनी फोटो काढला. चांगला आला म्हणतात.

आत जाताना ती फक्त माझ्याशी बोलली.

‘भाऊजी, तुमच्या घरावरची माझ्यावर आणलीत होय?’

आणि दार लावलं. ‘आणलीत’ म्हणाली. जसं काही मीच ती खांद्यावर घालून नेली होती.

हरकतदार

६ एप्रिल

अभियंता मॅडम,

समितीने मला काढलं. डॉक्टर घरी येऊन ‘नैतिक प्रश्न आहे’ असं म्हणाले आणि जाताना गॅसची उरलेली नळकांडी मोजून घेऊन गेले. दुकानात मी शिरलो की बोलणं थांबतं. काल एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘पोरगी कामाला आली.’ हा माणूस दोन वेळा दहावी नापास झाला होता, आणि आता मला त्याच्यासमोर मान खाली घालून साखर घ्यावी लागते.

काल सभागृहात गेलो. कुणी नव्हतं. चष्मा लावून तुझा नकाशा पाहिला. रेघा स्वच्छ आहेत, उतार बरोबर आहेत, ओढ्याचं वळणसुद्धा बरोबर आहे. आणि गोदामावर तू लिहिलं आहेस, ‘गोदाम, वापरात नाही.’

तू तिथे गेली नव्हतीस. नकाशा पायांनी काढायचा, हातांनी फक्त उतरवायचा, हे मी तुला चालायला लागल्यापासून शिकवलं. प्रत्येक खुणेपाशी जाऊन उभं राहायचं आणि मगच पेन्सिल टेकवायची. परक्या गावात तू त्या दारावर टकटक केली असतीस. इथे केली नाहीस, कारण इथलं तुला सगळं माहीतच होतं. लहानपणी तू तिथे लपायला जायचीस तेव्हा ते रिकामं होतं, म्हणजे अजून रिकामंच असणार. गाव तुझ्यासाठी थांबून राहिलं आहे असं तुला वाटलं. इतकी ढोबळ चूक माझ्या ढ विद्यार्थ्यांनीही केली नाही, कारण त्यांना निदान आपल्याला काही येत नाही हे माहीत असायचं.

आणि दुसरी गोष्ट. तू मला न विचारता माझ्यावर उपकार केलास. तीन वर्षं एक ओळ नाही, आणि मग एक अख्खी चक्की उचलून बाजूला ठेवतेस. बापाची झोप मोडू नये, बापाच्या खिडकीत सावली येऊ नये. असं मनात होतं तर तोंडाने बोलायचं. गावात माझी छी थू झाली. मी तुझ्यावर भयंकर रागावलो आहे, हे नोंदवून घेण्यात यावं.

आज सकाळी मी परसात, जिथे ती येणार होती आणि आता येणार नाही त्या जागी, बराच वेळ उभा होतो. ऊन चांगलं होतं.

बाबा
(हरकतदार हा शब्द लिहायचा राहिला.)

१२ एप्रिल

पोरी,

तुझी मावशी परवा घरी आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. चपला काढल्या नाहीत, म्हणजे बसणार नव्हती. सरळ मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि खिडकीकडे बघत म्हणाली, ‘धूळ किती झालीये.’

मग म्हणाली, ‘तिचा फोन आला होता.’

तुझा फोन तिला येतो, दर आठवड्याला येतो, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं, इतकी वर्षं फोनवर काय सांगत होतीस?

‘घरीच आहे, असं सांगायचे. खोटं कुठे होतं? तेही घरच आहे माझं.’

‘कुठलं घर, ते सांगायला काय झालं होतं?’

‘सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, त्या भांडणात आपली बाजू घेतली म्हणून मावशीला घर सोडावं लागलं.’

‘घर तू सोडलंस. मी जा म्हणालो नव्हतो.’

‘राहा पण म्हणाला नव्हतात, भाऊजी.’

यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी तीन वर्षं ते घोकत होतो. पण तिने मला बोलू दिलं नाही.

‘सात नंबर तिने तुमच्यासाठी नाही हलवला,’ ती म्हणाली. ‘तिला वाटलं, मी अजून या खिडकीत बसते. सकाळच्या उजेडात माझं मशीन असतं, त्यावर सावली नको, म्हणून हलवला. फोनवर रडत होती. मावशी, मी तुझ्यासाठी केलं आणि तुझ्याच डोक्यावर आणून ठेवलं, म्हणत होती.’

मी हसलो. तिच्यासमोर दुसरं काय करणार? आठवडाभर माझ्या मुलीने मला वाचवलं म्हणून गाव माझ्या नावाने बोटं मोडत होतं, आणि मी आतल्या आत त्या बोटांवर खूश होतो. परसात जाऊन उभा काय राहत होतो. तुला ते सगळं मी लिहून पाठवलं, हे आठवून आता कानाच्या पाळ्या तापतात. ते पत्र तू फाडून टाकावंस. नाही फाडलंस तरी चालेल.

मावशी गेल्यावर बराच वेळ मला कुणाचाही तिरस्कार करता येईना. माझ्यासारख्या माणसाला ही मोठीच अडचण आहे. संध्याकाळी क्षितिजबाई दारावरून गेल्या तेव्हा थोडं जमलं, पण जेमतेम.

मग मी इस्त्रीला फोन केला आणि सात नंबर काढूनच टाका म्हणालो. तो म्हणाला, सात काढला तर आठ आणि नऊपर्यंत रस्ताच पोचत नाही, ते दोन्ही जातात, आणि मग डेअरीची नवी लाइन बसत नाही. एक तर तो गोदामापाशी राहील, नाही तर जुन्या जागी, तुमच्या परसामागे जाईल. आणि म्हणाला, ‘आपली चिंता आम्ही समजू शकतो.’ या वेळी मला वाटलं, तो बापडा खरंच समजतो आहे. त्याबद्दलही मी त्याला क्षमा करणार नाही.

तेव्हा आता ही माझी एकमेव हरकत. आधीच्या सगळ्या मी मागे घेतो. वारा नसल्याची तर आधी मागे घेतो. सात नंबर जुन्या जागी, माझ्या परसामागे घ्यावा. मागच्या खिडकीत आता कुणी बसत नाही. सकाळी तिथे सावली उघडझाप करणार असेल तर करू दे, त्या घरात हलणारं काहीतरी असेल.

हे मी इस्त्रीला सांगितलं तसंच काल सभागृहात उभं राहून गावालाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले हा विश्वासघात आहे. मी म्हटलं, समितीतून काढलेला माणूस समितीचा विश्वासघात कसा करणार, तुम्ही दातच बघा. डेअरीवाल्याने एकट्याने टाळ्या वाजवल्या. मी त्याला खाली बस म्हणालो आणि तो बसला. एवढ्या वर्षांनीही बसला.

येताना मी गोदामावरून आलो. मावशीला सांगितलं. ती मशीनवरून न उठता म्हणाली, ‘यामुळे मी परत राहायला येईन असं वाटत असेल, तर नाही येणार.’

‘मी विचारलं नव्हतं.’

‘तेच तर.’

मग मी विचारलं. तीन वर्षं उशिरा विचारलं आणि वाईट विचारलं, तिच्या पाठीकडे बघत. ती नाही म्हणाली. पण चहा टाकला. गोदामात उजेड खरंच चांगला येतो, आपल्या मागच्या खोलीपेक्षा चांगला. तिचं बरोबर आहे, आणि तिचं बरोबर आहे हे लिहिताना मला काहीही झालं नाही.

नकाशा बदलायला जागेवर येऊन मोजावं लागेल, असं इस्त्री म्हणतो. त्याला पाठवू नकोस. त्याच्या बुटांना माती लागलेली मी एकदाही पाहिली नाही. ज्याने खूण चुकवली त्याने पायांनी येऊन ती दुरुस्त करावी, हे मी तुला शिकवलं होतं. शिकवलं नसेल तर आता शिकवतो.

मावशीने तुझ्यासाठी कापड काढून ठेवलं आहे, निळं. तुझं जुनं माप तिच्याकडे आहे. मी म्हटलं, त्यावर शिव आणि पोस्टाने पाठव. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दातांचा डॉक्टरच आहे. म्हणाली, माणूस समोर उभं राहिल्याशिवाय ती कापडाला कात्री लावत नाही. आणि लावायची तरी कशी, त्या दोराने कात्रीची धार गेली.

ती कात्री तिने आजवर कुणाच्या हातात दिलेली नाही. तुझी आई होती तेव्हा तिच्याही नाही. काल मला दिली, जुन्या चादरीत गुंडाळून, आणि मी ती चौकातल्या धारवाल्याकडे घेऊन गेलो. तो चाकाला लावत होता तेव्हा मी त्याच्या शेजारी उभा राहिलो, बाजूला झालो नाही.

धार चांगली लागली आहे. आता तू ये.

बाबा